विमान, विषाणू आणि बहात्तर तास

परदेशप्रवासाला पासपोर्ट, व्हिसा आणि तिकीट हे तीन कागद लागतात, हे आपल्याला माहीत असते. कोविडच्या साथीत त्यात चौथ्या कागदाची भर पडली. नाकातील व घशातील स्राव तपासून मिळालेला 'निगेटिव्ह' अहवाल हा तो कागद. पहिल्या तीन कागदांचे नियम सहसा प्रवासाच्या तोंडावर बदलत नाहीत. चौथ्याचे मात्र सतत बदलत राहिले. कधी तो ७२ तासांच्या आतला हवा असे, तर कधी एका दिवसाच्या आतला. लस घेतली असेल तर एका देशाला तो नको असे, दुसऱ्याला तरीही हवा असे. त्यापायी अनेकांची तिकिटे वाया गेली, शिकायला निघालेले विद्यार्थी अडकून पडले, आजारी आईवडिलांकडे लोकांना वेळेवर पोहोचता आले नाही.

'नियम करणाऱ्यांनाच काही कळत नाही,' असे तेव्हा बरेच जण म्हणत. हे म्हणणे अर्धेच खरे आहे. काही नियम बदलले ते रोगाविषयीचे ज्ञान वाढले म्हणून, आणि काही बदलले ते भीतीपोटी. या दोहोंतला फरक ओळखायचा तर थोडे मागे जायला हवे.

रोगाचे घड्याळ, प्रवासाचे घड्याळ

एड्रियाटिक समुद्रावरील रागुसा, म्हणजे आजच्या क्रोएशियातील दुब्रोव्हनिक, या बंदराने १३७७ साली एक नियम केला. प्लेग असलेल्या भागातून येणाऱ्यांनी शहरात येण्यापूर्वी तीस दिवस बाहेर थांबावे, असा तो नियम होता. पुढे इतर बंदरांनी हा काळ चाळीस दिवसांचा केला. चाळीस या अर्थाच्या इटालियन शब्दावरून 'क्वारंटाइन' हा शब्द आला. प्लेगचा जंतू तेव्हा कोणालाच माहीत नव्हता. तो सापडायला १८९४ साल उजाडले. पण रोग अंगात असूनही माणूस काही दिवस धडधाकट दिसू शकतो, हे अनुभवाने कळले होते.

जंतू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतच्या या काळाला आपण अधिशयन काळ म्हणतो. प्रवाशांच्या तपासणीचा प्रत्येक नियम दोन घड्याळांवर चालतो. एक अधिशयन काळाचे आणि दुसरे प्रवासाला लागणाऱ्या वेळाचे. सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाल्यावरही मुंबईहून इंग्लंडला पोहोचायला आगबोटीला दोन-तीन आठवडे लागत. प्लेगचा अधिशयन काळ साधारणपणे आठवड्याच्या आत संपतो. म्हणजे बोटीवर रोगी असलाच तर तो वाटेतच उघडकीस येई. प्रवास हेच एक मोठे क्वारंटाइन होते.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा युरोपातील देश धास्तावले. १८९७ च्या सुरुवातीला व्हेनिसला केवळ प्लेगसाठी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. मुंबई बंदरातून हजयात्रेला जाण्यावर त्या वर्षी बंदी आली. त्याच वर्षी आपल्याकडे साथरोग कायदा झाला. तो पुढे सव्वाशे वर्षे टिकला. या कायद्यात बंदरातील जहाजांच्या तपासणीची तरतूद होती, विमानांची नव्हती. विमानाचा उल्लेख त्यात आला तो २०२० च्या दुरुस्तीने.

विमान आल्यावर

विमानाने दुसऱ्या घड्याळाचा काटा एकदम पुढे नेला. मुंबई-लंडन अंतर नऊ-दहा तासांचे झाले. कोणत्याही साथीच्या रोगाचा अधिशयन काळ सहसा याहून मोठाच असतो. त्यामुळे प्रवासात रोग उघड होईल ही आशा संपली, आणि माणसाला थांबवून ठेवण्याऐवजी त्याचा कागद पाहण्याची पद्धत आली. हवाई वाहतुकीसाठी पहिला आंतरराष्ट्रीय आरोग्य करार १९३३ साली हेग येथे झाला. त्यामागची मोठी चिंता पीतज्वराची होती.

पीतज्वराचा नियम समजून घेण्यासारखा आहे. भारतात या रोगाचा प्रसार कधी झालेला नाही. पण तो पसरवणारा एडिस डास, म्हणजे डेंगू पसरवणारा डासच, आपल्याकडे भरपूर आहे. एक रोगी आला आणि त्याला डास चावले, की साथ सुरू होऊ शकते. म्हणून आफ्रिका व दक्षिण अमेरिकेतील पीतज्वराच्या देशांतून येणाऱ्यांकडे भारत लसीचे प्रमाणपत्र मागतो. लस टोचल्यावर दहा दिवसांनी ते ग्राह्य धरतात, कारण प्रतिकारशक्ती तयार व्हायला तेवढा वेळ लागतो. प्रमाणपत्र नसेल तर सहा दिवसांपर्यंत अलग ठेवतात, कारण अधिशयन काळ तीन ते सहा दिवसांचा आहे. यातला एकही आकडा मनाचा नाही. पूर्वी हे प्रमाणपत्र दहा वर्षे चाले. एकदा टोचलेली लस आयुष्यभर पुरते असे दिसून आल्यावर २०१६ पासून ते कायमचे झाले.

कागद रद्दही होतात. पटकीची लस रोगाचा प्रसार थांबवत नाही हे कळले, तेव्हा १९७३ मध्ये तिच्या प्रमाणपत्राची अट आंतरराष्ट्रीय नियमांतून गेली. देवी रोगाचे उच्चाटन १९८० मध्ये जाहीर झाले आणि १९८१ मध्ये तो रोग त्या नियमांतून वगळला गेला. थोडक्यात, नियम बदलणे हा काही दोष नव्हे. ज्ञान बदलल्यावर नियम तसाच राहिला, तर तो दोष.

सुरतेचा धडा

१९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले. सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी आली. काही देशांनी भारताची विमाने बंद केली, भारतीय माल अडवला. जागतिक आरोग्य संघटनेने प्रवासबंदीची शिफारस केलेली नव्हती. अमेरिकेत भारतातून आलेल्या प्रवाशांपैकी तेरा संशयितांची तपासणी झाली. प्लेग एकालाही निघाला नाही. पण आपल्या निर्यातीचे व पर्यटनाचे व्हायचे ते नुकसान झाले.

२००३ च्या सार्सच्या साथीत विमानतळांवर ताप मोजणारी यंत्रे आली. कॅनडात लाखो प्रवाशांची तपासणी झाली, त्यातून सार्सचा एकही रुग्ण सापडला नाही. अधिशयन काळात ताप नसतो, मग यंत्राला तो दिसणार कसा?

या अनुभवांनंतर आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम २००५ मध्ये नव्याने मांडले गेले व २००७ पासून लागू झाले. त्यांनुसार गंभीर घटना लक्षात आल्यावर देशाने २४ तासांत ती कळवायची आहे. इतर देशांनी शिफारशींहून कडक उपाय केले, तर त्यांचा शास्त्रीय आधार द्यायचा आहे.

बहात्तर तासांचा हिशेब

आता कोविडच्या चाचणीकडे वळू. आरटी-पीसीआर चाचणीत विषाणूच्या आरएनएपासून डीएनए बनवतात आणि त्याच्या प्रती दुप्पट-दुप्पट करत नेतात. तीस फेऱ्यांत एका रेणूचे १०७ कोटींहून अधिक रेणू होतात. चाचणी एवढी तीक्ष्ण असूनही लागण नुकतीच झाली असेल तर ती फसते, कारण नाकात विषाणू अजून आलेलाच नसतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणानुसार लागण झालेल्या १०० जणांपैकी पहिल्या दिवशी सर्वच्या सर्व चाचणीतून निसटतात, चौथ्या दिवशी ६७, तर आठव्या दिवशी २०.

हा हिशेब फळ्यावर मांडून पाहावा. एखाद्याला शनिवारी संध्याकाळी लागण झाली. सोमवारी सकाळी त्याने स्राव दिला, अहवाल निगेटिव्ह आला. गुरुवारी सकाळी तो विमानात बसला. ७२ तासांचा नियम त्याने तंतोतंत पाळला. पण लागणीला आता साडेचार दिवस झाले आहेत, आणि मूळ विषाणूचा अधिशयन काळ सरासरी पाच दिवसांचा होता. म्हणजे तो इतरांना रोग देऊ शकेल, नेमक्या त्याच वेळी तो विमानात आहे.

याची उलट बाजूही आहे. बरा झालेल्या माणसाच्या नाकात विषाणूचे निर्जीव अवशेष कित्येक आठवडे राहू शकतात. तो कोणाला रोग देत नाही, तरी त्याची चाचणी 'पॉझिटिव्ह' येते आणि विमान चुकते. अमेरिकेने म्हणूनच ९० दिवसांत बरे झालेल्यांना चाचणीऐवजी तसा दाखला चालवून घेतला.

नियम बदलला, तिकीट तेच

अमेरिकेने २६ जानेवारी २०२१ पासून तीन दिवसांच्या आतली चाचणी मागितली. विमानाला उशीर झाला तरी अहवाल बाद होऊ नये, म्हणून तिने तास न मोजता दिवस मोजले. ओमिक्रॉनचा अधिशयन काळ आणखी लहान निघाला. ६ डिसेंबर २०२१ पासून ही मुदत एका दिवसावर आली. त्यामागे तर्क होता, पण घोषणा झाली २ डिसेंबरला. ज्यांची तिकिटे पुढच्याच आठवड्याची होती, त्यांना चार दिवसांत सारी जुळवाजुळव पुन्हा करावी लागली.

भारताने २२ फेब्रुवारी २०२१ च्या रात्रीपासून येणाऱ्या सर्वांना ७२ तासांतला अहवाल सक्तीचा केला. घरात मृत्यू झाला असेल तर सूट होती. मात्र त्या सवलतीचा अर्ज विमानात बसण्याच्या किमान ७२ तास आधी करायचा होता. मृत्यू काही तीन दिवस आधी कळवून येत नाही. नियमामागचा हेतू माणुसकीचा होता. ज्याला तो वापरायचा आहे, त्याचा दिवस कसा जातो हे लिहिताना कोणी डोळ्यांपुढे आणले नाही.

ब्रिटनचे उदाहरण वेगळे आहे. पुण्यात बनलेली कोविशिल्ड लस ब्रिटनमध्येही लाखो लोकांना दिली गेली होती. तरी ४ ऑक्टोबर २०२१ पासूनच्या ब्रिटिश नियमांत तीच लस भारतात घेतलेल्यांना दहा दिवस विलगीकरण होते. हरकत लसीला नव्हती, प्रमाणपत्राला होती. भारतानेही त्याच दिवसापासून ब्रिटिश नागरिकांना दहा दिवसांचे विलगीकरण लावले. ब्रिटनने ११ ऑक्टोबरपासून आपला नियम बदलला, पाठोपाठ भारतानेही. त्या आठवड्याभरात विषाणू बदलला नव्हता, लस बदलली नव्हती. मधल्या मध्ये भरडले गेले ते प्रवासी.

खरे सांगणाऱ्याला शिक्षा

सर्वात गंभीर गोष्ट २०२१ च्या नोव्हेंबरात घडली. दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी विषाणूचा नवा प्रकार शोधला आणि २४ तारखेला तो जागतिक आरोग्य संघटनेला कळवला. दोन दिवसांत अनेक देशांनी तिथली विमाने बंद केली. २६ तारखेला तिथून ॲमस्टरडॅमला उतरलेल्या दोन विमानांतील ६२४ प्रवाशांपैकी ६१ जणांना लागण झाल्याचे आढळले. मग बंदी योग्यच नव्हती का? पण काही दिवसांतच कळले, की नेदरलँड्समध्ये १९ आणि २३ नोव्हेंबरला घेतलेल्या नमुन्यांतही ओमिक्रॉन होता. दार लावले तेव्हा पाहुणा घरात येऊन बसलेला होता.

अशा बंदीने थोडे दिवस मिळतात, हे खरे. त्या दिवसांत रुग्णालये सज्ज करता येतात. पण ज्याने प्रामाणिकपणे आधी सांगितले, त्यालाच फटका बसला, तर पुढच्या वेळी दुसरा देश सांगण्यापूर्वी दहादा विचार करील. रोग लपवला गेला, तर कोणतीच चाचणी उपयोगी पडणार नाही. १९९४ मध्ये आपण या शिक्षेच्या एका टोकाला होतो. २०२१ मध्ये आफ्रिकेतून येणाऱ्यांवर अटी घालणाऱ्या देशांत आपणही होतो.

भारताने २०२२ च्या फेब्रुवारीत बऱ्याच देशांच्या प्रवाशांना चाचणीऐवजी लसीचे प्रमाणपत्र चालवून घेतले, आणि नोव्हेंबरात अर्ज भरण्याची अटही काढली. अमेरिकेने १२ जून २०२२ ला चाचणी रद्द केली. ५ मे २०२३ ला जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर झाले. पुढची साथ केव्हा येईल ते सांगता येत नाही, पण तेव्हाही कागद मागितले जातील. तेव्हा आज वर्गात बसलेली मुले प्रवासी असतील, काही डॉक्टर असतील, एखादा नियम लिहिणाराही असेल. त्यांनी कोणत्याही नियमाला तीन प्रश्न विचारावेत. या रोगाचा अधिशयन काळ किती? ही चाचणी त्यातल्या कोणत्या दिवशी खरे सांगते? आणि नियम उद्यापासून बदलला, तर आज वाटेत असलेल्या माणसाचे काय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे विज्ञान देते. तिसऱ्याचे उत्तर आपल्यालाच द्यावे लागते.