योग आणि क्षेम : वजन उतरवणे व वजन राखणे

मराठीत वजन कमी होण्यासाठी क्रियापदांची वाण नाही. वजन घटते, उतरते, झडते. माणूस वाळतो, रोडावतो, सुकतो, खंगतो. वाढण्याच्या बाबतीतही भाषा तितकीच उदार आहे. मूल बाळसे धरते, अंग भरते, मध्यमवयीन गृहस्थाचे पोट सुटते. आणि बऱ्याच दिवसांनी भेटलेला स्नेही ‘तब्येत सुधारली हं!’ असे म्हणतो, तेव्हा त्याला नेमके काय दिसले आहे हे आपण मुकाट्याने ओळखतो. मात्र जे वजन आहे ते तसेच राहावे, यासाठी शब्द शोधू लागलो की आम्हांस एकाच क्रियापदापाशी थांबावे लागते : राखणे. तेही मूळचे शरीराचे नव्हे. शेत राखतात, बाग राखतात, मान राखतात. राखणारा माणूस काही मिळवत नसतो, तो जागा असतो.

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात वजन उतरवण्याविषयी पुष्कळ लिहिले आणि बोलले गेले. उतरवलेले वजन राखण्याविषयी मात्र फारच थोडे. प्रस्तुत टिपणाचा विषय हाच विषम वाटा आहे.

आपल्या परंपरेत या दोन गोष्टींसाठी एक जोडशब्द पूर्वीपासून आहे : योगक्षेम. गीतेच्या भाष्यकारांनी त्याची फोड अशी केली आहे की, जे मिळालेले नाही ते मिळवणे हा योग आणि मिळालेल्याचे रक्षण करणे हे क्षेम. कालांतराने ‘योग’ या अर्ध्या शब्दाला आसनांचा अर्थ चिकटून तो जगभर गेला. ‘क्षेम’ पत्राच्या मायन्याखाली ‘क्षेमकुशल’ होऊन राहिले आणि पत्रे संपल्यावर तेथूनही गेले. वजनाच्या बाबतीत आपले असेच झाले आहे. योगाचा गाजावाजा आहे, क्षेमाची आठवण नाही.

हा भेद पुस्तकांपेक्षा पेण तालुक्याच्या खारेपाटात अधिक ढळढळीत दिसतो. डोलवी हे त्या पट्ट्यातले, अंबा नदीच्या खाडीलगतचे गाव. येथील भातशेती ही खाडीपासून मिळवलेल्या जमिनीवरची. बांध घालून भरतीचे पाणी अडवायचे, पावसाच्या पाण्याने माती धुऊन तिचा खारटपणा उतरवायचा आणि मग तीत भात लावायचा, असा हा उद्योग. पण जमीन मिळवली म्हणून ती मिळालेली राहत नाही. भरतीचे पाणी रोज दोनदा बांधाशी येते, खेकडे त्यात बिळे करतात. एका ठिकाणी खांड पडली की पाणी आत शिरते आणि शेत पुढे काही वर्षे नापीक होते.

जुन्या कुलाबा जिल्ह्यात अशा जमिनींसाठी शिलोत्री नावाची पद्धत होती. खाडी अडवून जमीन मिळवणारा तो शिलोत्रीदार. त्याचा हक्क त्या एकदाच्या पराक्रमावर संपत नसे. बाहेरचा बांध दुरुस्त राखण्यासाठी बिघ्यामागे मणभर धान्य, ‘शिलोत्री मण’, वेगळे मोजून दिले जाई. राखण्याचा खर्च पिकाच्या हिशेबातच धरलेला होता. या व्यवस्थेत पिळवणूक नव्हती असे आम्ही म्हणत नाही. पण मिळवणे ही एक घटना आहे आणि राखणे हे कायमचे काम आहे, त्याची तरतूदही वेगळी करावी लागते, एवढे शहाणपण तीत निश्चित होते. पुढे १९४८च्या मुंबई खारजमीन कायद्याने आणि १९७९च्या महाराष्ट्राच्या कायद्याने ही जबाबदारी मुख्यतः सरकारकडे आली. बांध राखण्याचा प्रश्न मात्र तसाच उरला.

शरीराच्या बाबतीत ही वेगळी तरतूद आपण कधी केली का? आपल्याकडे अन्न सोडण्याची रीत मुख्यतः व्रताची. उपवासाला आरंभ असतो आणि पारणे असते. पारण्याला पक्वान्नही असते. पश्चिमेकडील आधुनिक ‘डाएट’चा घाटही फारसा निराळा नाही. विल्यम बँटिंग या लंडनच्या गृहस्थाने १८६३ साली आपल्या लठ्ठपणावर एक पत्रवजा पुस्तिका काढली. साखर, पाव, बटाटे वर्ज्य करून सुमारे वर्षभरात आपण २०२ पौंडांवरून १५६ पौंडांवर आलो, असा तिचा वृत्तांत. ती इतकी गाजली की इंग्रजीत त्याच्या आडनावाचेच क्रियापद झाले. कथानक म्हणून ती निर्दोष आहे : संकट, गुरुभेट, व्रत आणि फलश्रुती. वजन उतरवण्याची प्रत्येक कथा आजही याच चार अंकांची असते. पाचवा अंक लिहिला जात नाही, कारण त्यात काही घडायचे नसते.

महाराष्ट्रातील अलीकडचे मोठे उदाहरण म्हणजे नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या व्याख्यानांतून निघालेला आणि त्यांच्या निधनानंतर (२००४) डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी घरोघर पोहोचवलेला दोन वेळा जेवण्याचा प्रघात. तो बरोबर की दर दोन तासांनी थोडे खाणे बरोबर, यावर मराठी घरांत पक्ष पडले. त्या वादात न्याय देण्याचा आमचा अधिकार नाही. एक निरीक्षण मात्र नोंदवावेसे वाटते. त्या चळवळीच्या नावात ‘विनासायास’ हा शब्द होता, आणि ऐकणाऱ्यांनी तोच आधी उचलला. दीक्षित रोजच्या पंचेचाळीस मिनिटांच्या चालण्यावरही भर देतात, हे सांगणारे त्या मानाने कमी भेटतात. उतरणे विनासायास होईलही कदाचित. राखणे विनासायास होत नाही.

ते का होत नाही, याचे उत्तर आता बरेचसे हाती आले आहे. १९९५ साली अमेरिकेतील लायबेल, रोझेनबाऊम व हर्श यांनी दाखवले की, वजन दहा टक्के घटले की शरीराचा ऊर्जाखर्च, घटलेल्या आकारमानाने जितका कमी व्हायला हवा त्याहूनही अधिक कमी होतो. २०११ साली मेलबर्नच्या संशोधकांना असे आढळले की, दहा आठवड्यांच्या कडक आहाराने वजन उतरवल्यानंतर भूक वाढवणारे संप्रेरकांचे बदल वर्षभरानेही पूर्ववत झालेले नव्हते. म्हणजे पूर्वीपेक्षा भूक अधिक आणि खर्च कमी, अशा दुहेरी उधाणाला उतरलेले शरीर तोंड देत असते. वजन परत आलेल्या माणसाला आपण ‘मनाचा कच्चा’ म्हणतो. खांड पडलेल्या शेताला कोणी चारित्र्यहीन म्हणत नाही.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसावा अध्याय या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांचाही निंदितांत समावेश करून आचार्य म्हणतात की, त्यांतल्या त्यात कृश बरा. कारण स्थूलाचे उपचार अधिक अवघड. स्थौल्याच्या कारणांत अतिभोजन, व्यायामाचा अभाव, दिवसाची झोप यांबरोबर बीजस्वभावही सांगितला आहे, म्हणजे दोष सर्वस्वी माणसाच्या माथी मारलेला नाही. आणि गौरव कृशाचा नसून सम बांध्याच्या माणसाचा आहे. आदर्श ‘कमी’ हा नाही, ‘सम’ हा आहे.

हे ‘सम’ जगून दाखवणारा एक माणूस डोलवीच्याच पेण तालुक्यात, गागोदे येथे, १८९५ साली जन्मला. विनोबा भावे यांचे नाव वजनाच्या चर्चेत घेतलेले काहींना विनोदी वाटेल, कारण त्यांची अडचण उलट होती. १९३८च्या आरंभी त्यांची प्रकृती अगदी ढासळली; वजन ८८ पौंडांवर, म्हणजे जेमतेम चाळीस किलोंवर आले. गांधीजींनी हवापालट सुचवला. विनोबा पवनारला गेले. धाम नदी ओलांडताना त्यांनी सर्व चिंता सोडल्याचा संकल्प केला आणि तेथे ते शेत खणू लागले. पहिल्या दिवशी केवळ पाच मिनिटे, मग रोज थोडे अधिक, असे करत ते तासांवर गेले. दहा महिन्यांत वजन १२८ पौंड झाले. हा झाला योग, आणि तोही चाळीस पौंडांचा.

आमचे लक्ष वेधते ते मात्र त्यापूर्वीचे आणि नंतरचे. तरुणपणी वाईस राहून केलेल्या अध्ययनाचा वृत्तांत गांधीजींना कळवताना त्यांनी ग्रंथांच्या बरोबरीने आहाराचे आणि श्रमाचे प्रयोगही नोंदवले होते. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर जी प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी जी टिपून घेतली, त्यांत सहाव्या अध्यायाच्या निमित्ताने ध्यानाला लागणाऱ्या तीन गोष्टी येतात : चित्ताची एकाग्रता, जीवनाची परिमितता आणि समदृष्टी. त्यांतील मधला शब्द आम्हांस आज फार मोलाचा वाटतो. परिमितता म्हणजे उपाशी राहणे नव्हे. मोजून खाणे, मोजून झोपणे, मोजून बोलणेही. त्याला पारणे नाही. १९५१ पासून सुमारे तेरा वर्षे हा माणूस भूदानासाठी पायी हिंडला, तो अशाच मोजक्या आहारावर. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांचे सूर्यनमस्कारही याच जातीचे : व्रत नव्हे, नित्यकर्म.

विनोबांच्या वैराग्याचा कित्ता कोणी गिरवावा असे आमचे म्हणणे नाही. पण अमेरिकेत १९९४ पासून, किमान तीस पौंड वजन उतरवून वर्षभर राखलेल्या माणसांची जी नोंदवही ठेवली गेली, तीतून निघालेली सूत्रेही चमत्कारिक रीतीने याच वळणाची आहेत : रोज सुमारे तासभर हालचाल, बहुधा चालणे, वेळोवेळी वजन पाहणे, सणाला आणि एरवी फारसे निराळे न खाणे. ही नोंदवही यशस्वी झालेल्यांचीच आहे, हे विसरता कामा नये. तरीही तीतील एक निष्कर्ष दिलासा देणारा आहे. दोन ते पाच वर्षे राखता आले, तर पुढे राखले जाण्याचा संभव बराच वाढतो. बांध मुरतो, असे खारेपाटातला माणूस म्हणेल.

राखायचे वजन तरी कोणते? पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली आपले आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र ‘लॅन्सेट’मध्ये छापले. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के. काट्यावरचा आकडा सारखा असूनही आतला माणूस निराळा. तेव्हा आकडा हे बांधावरचे खुणेचे दगड समजावेत; शेत त्याच्या आत आहे.

शेवटी पुन्हा डोलवी. १९९०च्या दशकात येथे पोलादाचा कारखाना उभा राहिला, २०१० मध्ये तो जिंदाल समूहाकडे गेला. चिखलणी, लावणी, बांधाची माती ओढणे, ही शरीर राखणारी कामे कोणी शरीर राखण्यासाठी करत नव्हते. ती कष्टाची होती, अनेकदा अर्धपोटीही होती, आणि त्यांतून सुटलेल्याने परत जावे असे म्हणण्याचा अधिकार खुर्चीत बसून लिहिणाऱ्या आम्हांस नाही. पण ती गेल्यावर राखण्याचा जो खर्च जगण्यातच धरलेला होता, तो आता एकेकट्या माणसाच्या माथी आला आहे : पाळीहून परतल्यावर त्याने आपल्या वेळेतून चालावे, आपल्या इच्छाशक्तीतून मोजून खावे. त्याच्यासाठी शिलोत्री मण कोणी काढून ठेवलेला नाही. घराने, शाळेने, कामाच्या जागेने हा मण वेगळा मोजायला शिकले पाहिजे. तोवर वजन परत आलेल्या स्नेह्याला भेटताना आपण निदान एवढे करावे : ‘किती उतरवले होतेस!’ असे न म्हणता, ‘पहिल्या दिवशी पाच मिनिटे’ या पवनारच्या हिशेबाची त्याला आठवण द्यावी.