खोगीर, सीट आणि बसणाऱ्याची हाडं

‘खोगीरभरती’ हा शब्द आपण सर्रास वापरतो. पुस्तकात उगाच पानं वाढवली, समितीत बिनकामाची माणसं घेतली, की ती झाली खोगीरभरती. हा शब्द घोड्याच्या पाठीवरून आला आहे. खोगिराच्या गादीला फुगवटा यावा म्हणून आत चिंध्या, टाकाऊ लोकर, जे हाती येईल ते कोंबत. काय भरलं आहे याच्याशी कोणाला कर्तव्य नसे. खोगीर भरलेलं दिसलं म्हणजे झालं!

सायकलच्या सीटचा इतिहास पाहिला तर त्यातही खोगीरभरती बरीच आढळते. सीट टोचते? मग गादी जाड करा. तरी टोचते? आणखी जाड करा. या उपायाचा सर्वांत जास्त त्रास झाला तो वजनदार माणसांना. नव्वद-शंभर किलोच्या माणसाला कशी सीट हवी, असं कोणालाही विचारा. ‘रुंद आणि मऊ’ हेच उत्तर येईल. अशी सीट घेऊनही तासाभरात बूड दुखायला लागलं, की तो माणूस म्हणतो, ‘आपलं शरीरच सायकलीसाठी नाही,’ आणि सायकल जिन्याखाली जाते. दोष खरंच शरीराचा असतो का? त्यासाठी थोडं मागं जायला हवं.

लाकडी घोड्यापासून सुरुवात

१८१७ साली जर्मनीतल्या मानहाइम शहरात कार्ल फॉन ड्राइस यानं दोन चाकांचं एक लाकडी वाहन रस्त्यावर आणलं. त्याला पायटे नव्हते. बसणारा जमिनीवर पाय मारत पुढं जाई. बसायला एक लांबट गादी आणि पुढं हात टेकायला एक फळी. पाय सतत जमिनीला लागत असल्यामुळे शरीराचा काही भार पायांवर आणि काही हातांवर जाई. सीटवर सगळा भार नव्हताच.

१८६०च्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला पायटे लागले आणि पाय जमिनीवरून कायमचे उचलले गेले. आता सीट हाच मुख्य आधार झाला. चाकं लाकडाची, त्यांवर लोखंडी धाव आणि खाली दगडी रस्ते. लांब पोलादी पट्टीच्या स्प्रिंगवर सीट बसवूनही इंग्लंडमध्ये या वाहनाला ‘हाडं खिळखिळी करणारं यंत्र’ असंच नाव पडलं.

सीटचा स्वतंत्र विचार करणाऱ्यांत इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा जॉन बोल्टबी ब्रुक्स याचं नाव पुढं येतं. १८६६ साली त्यानं घोड्यांच्या चामडी सामानाचा धंदा सुरू केला होता. कंपनी अशी गोष्ट सांगते, की १८७८ साली त्याचा घोडा मेला. नवा घेणं परवडेना, म्हणून त्यानं सायकल उसनी आणली. तिच्या सीटनं तो इतका हैराण झाला की स्वतःच सीट तयार करायच्या मागं लागला. १८८२ साली त्याला पेटंट मिळालं.

यातली कल्पना पाहण्यासारखी आहे. पुढं टाळ्यांवर येणाऱ्या सीटमध्ये भरण जवळजवळ नव्हतंच. पोलादी चौकटीच्या पुढच्या आणि मागच्या टोकांमध्ये जाड चामड्याचा एकच तुकडा ताणून बसवलेला. बाजेची नवार जशी अंगाखाली दबते, तसंच हे चामडंही बसणाऱ्याच्या हाडांखाली थोडं दबे आणि वापरानं त्यांचा आकार घेई. सैल पडलं तर पुढचा नट पिळून पुन्हा ताणायचं. ब्रुक्सची बी-१७ ही अशी सीट १८९०च्या दशकापासून आजवर बनते आहे. घोड्याचं सामान करणाऱ्या माणसानं खोगीरभरती टाळली, ही गंमतच!

डॉक्टर मध्ये पडतात

१८८५ साली कॉव्हेंट्रीत जॉन केम्प स्टार्ले यानं ‘रोव्हर’ ही सायकल आणली. दोन्ही चाकं जवळपास सारखी, मागच्या चाकाला साखळी. आजची सायकल तिचीच वंशज. १८८८ साली डनलॉपनं हवा भरलेला टायर आणला. रस्त्याचे धक्के टायर झेलू लागला आणि १८९०च्या दशकात युरोप-अमेरिकेत सायकलीचं वेडच पसरलं.

मग नवी तक्रार सुरू झाली. धक्के कमी झाले तरी बधिरपणा आणि दुखणं काही जाईना. डॉक्टर लिहू लागले. त्यातलं काही लेखन, विशेषतः बायकांच्या सायकल चालवण्याबद्दलचं, वैद्यकापेक्षा नीतीचं होतं. पण एक निरीक्षण मात्र पक्कं होतं. सीटचा मधला भाग वर आलेला असेल तर भार हाडांवर न पडता हाडांच्या मधल्या नाजूक भागावर पडतो. तिथं रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात. यावर उपाय म्हणून ‘शरीररचनेनुसार’ बनवलेल्या सीटा बाजारात आल्या. अमेरिकेत गाजलेल्या ‘ख्रिस्टी’ सीटला दोन वेगळ्या गाद्या होत्या आणि मध्ये मोकळी जागा. सीटनं कुठं टेकावं आणि कुठं टेकू नये, हा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वीच नीट मांडला गेला होता.

आपण कशावर बसतो?

कडक बाकावर बसा आणि हाताचे तळवे पालथे करून बुडाखाली घाला. दोन कठीण उंचवटे बोटांना टोचतील. कमरेच्या हाडांच्या चौकटीचं, म्हणजे श्रोणीचं, हे खालचं टोक. यांना आसनास्थी म्हणू. बसलेल्या माणसाचा भार पेलणं हे त्यांचंच काम.

या दोन हाडांच्या मध्यांमधलं अंतर बहुतेक प्रौढांत साधारण १० ते १५ सेंटिमीटरच्या आसपास भरतं. स्त्रियांमध्ये ते सरासरीनं थोडं जास्त असतं. आता मुख्य मुद्दा असा, की माणसाचं वजन वाढलं म्हणून हे अंतर वाढत नाही. चरबी हाडांभोवती साठते, ती हाडांना एकमेकांपासून दूर ढकलत नाही. शंभर किलोच्या माणसाची आसनास्थी जवळजवळ असू शकतात आणि साठ किलोच्या माणसाची लांब. म्हणून वजन किंवा पँटचा नंबर पाहून सीटची रुंदी ठरवणं म्हणजे उंची पाहून चपलेचा नंबर ठरवण्यासारखं आहे.

मग वजनाचा काहीच संबंध नाही का? आहे, पण तो दाबाशी. एक गणित करू. समजा, ९० किलोच्या माणसाचा ६० किलो भार सीटवर आहे आणि टेकलेलं क्षेत्रफळ १५० चौरस सेंटिमीटर आहे. सरासरी दाब झाला दर चौरस सेंटिमीटरला ०.४ किलो. पाऱ्याच्या उंचीत मोजला तर जवळजवळ २९० मिलिमीटर. निरोगी माणसाचा वरचा रक्तदाब साधारण १२० मिलिमीटर असतो. म्हणजे या दाबाखाली रक्तवाहिन्या सहज चेपल्या जातील. ५० किलोच्या माणसाचं हेच गणित केलं (सीटवर ३३ किलो) तर दाब येतो सुमारे १६० मिलिमीटर. आकडे गृहीत धरलेले असले तरी त्यातून दोन गोष्टी दिसतात. हलक्या माणसालाही अधूनमधून पायट्यांवर उभं राहून रक्ताला वाट द्यायला हवी. आणि वजनदार माणसाच्या सीटची चूक त्याला लवकर भोवते.

आता मऊ गादी काय करते ते पाहा. हलका माणूस बसला तर ती थोडी दबते. वजनदार माणसाच्या आसनास्थी मात्र फोममध्ये पार तळापर्यंत रुततात. हाडांखालचा फोम संपतो आणि मधला फोम वर येऊन नेमका नाजूक भागाला दाबतो. पाच मिनिटं सुखाची वाटणारी गादी पन्नास मिनिटांनी छळते ती यामुळे. जास्त वजनाला कमी आणि घट्ट भरण लागतं. ऐकायला उलटं वाटलं तरी कारण साधं आहे.

काळी सायकल आणि वाकलेलं हँडल

आपल्याकडे सायकल आली ती इंग्लंडहून. स्वातंत्र्यानंतर ती इथं मोठ्या प्रमाणावर बनू लागली. मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय सायकल्स (१९४९), सोनिपतला ॲटलस (१९५१), लुधियानाला हीरो (१९५६). पुण्याची तर ‘सायकलींचं शहर’ अशी ख्याती होती. तिथं कारकून, शिक्षक, दूधवाले, सगळ्यांची वाहतूक चाले ती त्या काळ्या, उंच, आडव्या नळीच्या सायकलीवर. तिची सीट रुंद असे आणि खाली जाडजूड स्प्रिंगा. या सायकलीवर माणूस ताठ बसतो. ताठ बसलं की भाराचा मोठा भाग सरळ आसनास्थींवर येतो, म्हणून रुंद सीट तिथं योग्यच होती.

शर्यतीच्या सायकलीचं तसं नाही. तिचं हँडल खाली वळलेलं. वारा कापण्यासाठी माणूस पुढं वाकतो, श्रोणी पुढं कलते आणि टेकण्याची जागा पुढं सरकते. श्रोणीची खालची हाडं पुढच्या बाजूला एकमेकांकडे निमुळती होत जातात, त्यामुळे तिथं सीटही अरुंद लागते. शिवाय पाय भराभर फिरतात. रुंद सीट मांड्यांना घासून सालटं काढते.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्याकडे गिअरच्या रोड सायकली पुष्कळ आल्या. २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी अमेरिका आडवी पार करणारी सुमारे ४८०० किलोमीटरची शर्यत जोडीनं पूर्ण केली. २०१७ साली लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकेकट्यानं पूर्ण केली. अशा बातम्या वाचून चाळिशी-पन्नाशीतली अनेक माणसं पुन्हा सायकलीकडे वळली. पण पंचावन्न किलोंचा असताना काळी सायकल हाणणारा मुलगा आता पंच्याण्णव किलोंचा झालेला असतो, आणि त्याच्यापुढं येते ती हलक्या शर्यतपटूसाठी बनवलेली सीट. ती टोचली की तो वर जेलची गादी चढवतो. खोगीरभरती पुन्हा सुरू!

जुना प्रश्न, नवी मोजमापं

१९९७ साली बोस्टनमधले मूत्रविकारतज्ज्ञ आयर्विन गोल्डस्टाइन यांनी सायकलच्या सीटमुळे पुरुषांच्या रक्तवाहिन्यांना इजा होऊ शकते असं जाहीरपणे सांगितलं आणि खळबळ उडाली. त्यानंतर मध्ये खाच असलेल्या सीटांचा जमाना आला. २००८ साली अमेरिकेच्या सरकारी व्यवसाय-आरोग्य संस्थेनं सायकलवरून गस्त घालणाऱ्या ९० पोलिसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना सहा महिने पुढचं नाकच नसलेल्या सीटा दिल्या होत्या. बधिरपणा अजिबात होत नाही असं सांगणाऱ्यांचं प्रमाण २७ टक्क्यांवरून ८२ टक्क्यांवर गेलं. ख्रिस्टीच्या सीटनं मांडलेला मुद्दा शंभर वर्षांनी आकड्यांनी पटला.

वजनदार माणसानं यातून काय घ्यावं? आधी आसनास्थींमधलं अंतर मोजावं आणि त्याहून साधारण दोन-तीन सेंटिमीटर रुंद सीट पाहावी. पोट आड येत असेल तर फार वाकणं जमत नाही, माणूस ताठ बसतो. मग हँडल थोडं उंच करावं आणि सीट थोडी अधिक रुंद घ्यावी. भरण घट्ट असावं, मध्ये खाच असावी. सीटखालच्या दोन दांड्या पोलादी असाव्यात. अतिहलक्या सीटांना वजनाची मर्यादा असते, ती वाचावी. सीट फार उंच ठेवली तर कंबर डावी-उजवीकडे झुलते आणि कातडी सोलवटते, म्हणून उंचीही तपासावी. इतकं करून दुखलं तर सीट बदलावी, सायकल सोडू नये.

वर्गात करून पाहा

हा प्रश्न फक्त शहरी हौशी मंडळींचा नाही. १९४५च्या वारली आंदोलनात ज्याचं नाव झालं त्या झरीसारख्या तलासरी-डहाणूकडच्या गावांत वस्ती दूरदूरच्या पाड्यांवर विखुरलेली असते. अशा भागांत शाळा टिकते की सुटते हे कधी कधी सायकलीवर ठरतं. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी मदत मिळत आली आहे. सायकल सगळ्यांना सारखी मिळते, हाडं मात्र प्रत्येकीची वेगळी. निदान सीटची उंची आणि कल तरी प्रत्येकीला जुळवून द्यायला काय हरकत आहे? त्याला एक पाना पुरतो.

खोक्याचा नालीदार पुठ्ठा घ्या. कडक स्टुलावर ठेवून त्यावर ताठ बसा, पाय थोडे उचलून अर्धा मिनिट थांबा. उठल्यावर पुठ्ठ्यावर आडवा खडू फिरवा. दोन खळगे उघडे दिसतील. त्यांच्या मध्यांमधलं अंतर मोजा. आता दुसऱ्या पुठ्ठ्यावर पुढं वाकून बसा आणि पुन्हा मोजा. खुणा कुठं सरकल्या? अंतर कमी झालं का?

मुलामुलींचे गट वेगळे करा आणि मोजमापं चिठ्ठीवर नाव न घालता घ्या. कोणाचंही वजन मोठ्यानं वाचू नका. मग आडव्या अक्षावर वजन आणि उभ्या अक्षावर अंतर घेऊन आलेख काढा. ठिपके एका रेषेत येतात की विखुरतात? ‘जाड माणसाला रुंद सीट’ हे विधान तुमच्याच वर्गाच्या आलेखावर टिकतं का, हे विद्यार्थ्यांनाच ठरवू द्या.