कपाळावर लिहिलेला आकडा

२४ ऑगस्ट १९९८ रोजी इंटेल कंपनीने एकाच दिवशी काही प्रोसेसर जाहीर केले, त्यांतले दोन या कथेचे. पहिला होता ४५० मेगाहर्ट्झचा पेंटियम-२. घाऊक खरेदीत त्याची किंमत होती ६६९ डॉलर. दुसरा होता ३०० मेगाहर्ट्झचा सेलेरॉन, म्हणजेच '३००ए', आणि त्याची किंमत होती १४९ डॉलर. पहिला श्रीमंतांसाठी होता, दुसरा काटकसरीने संसार करणाऱ्यांसाठी. मात्र काही आठवड्यांतच जगभरच्या हौशी मंडळींच्या लक्षात आले की या गरीब भावाला ४५० च्या वेगाने पळवता येते, आणि तोही बहुतेक वेळा कुरकुर न करता पळतो.

हे कसे घडले, आणि प्रोसेसरवर छापलेल्या आकड्याचा खरा अर्थ काय, याचा हा इतिहास. त्याचा शेवट गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावच्या मे महिन्यात होतो. तो का, हे ओघात कळेलच.

प्रोसेसरचा वेग ठरतो घड्याळाच्या ठोक्यांवर. मदरबोर्डवरील क्वार्ट्झचा स्फटिक ठरावीक गतीने कंप पावतो आणि त्या तालावर सारे मंडल चालते. १९८४ च्या आयबीएम पीसी-एटीमध्ये १२ मेगाहर्ट्झचा स्फटिक होता. त्याची गती निम्मी करून ८०२८६ हा प्रोसेसर ६ मेगाहर्ट्झवर चाले. स्फटिक खाचेत बसवलेला असे, त्यामुळे तो काढून तिथे १६ मेगाहर्ट्झचा बसवणे सोपे होते, आणि तेवढ्याने यंत्र ८ मेगाहर्ट्झवर धावू लागे. ही युक्ती फैलावली तेव्हा आयबीएमने पुढच्या बायोसमध्ये एक तपासणी घातली. वेग ठरल्यापेक्षा जास्त आढळला की यंत्र सुरूच होईना. ग्राहकाने आपल्याच वस्तूचा वेग वाढवू नये म्हणून उत्पादकाने बसवलेला हा बहुधा पहिला गाजलेला पहारेकरी. लगेच त्याला चकवा देणारेही निघाले, हे सांगायला नकोच.

१९९२ साली ४८६-डीएक्स२ आला आणि गणित बदलले. बाहेरच्या 'बस'ची गती वेगळी आणि प्रोसेसरची आतली गती वेगळी, अशी व्यवस्था रुळली. आतली गती बसच्या गतीच्या काही पट असे. या पटीला गुणक म्हणतात. बस ३३, गुणक २, म्हणून प्रोसेसर ६६. वेग वाढवायचा तर यापुढे दोन वाटा उरल्या, बस वाढवा किंवा गुणक वाढवा.

गुणकाची वाट लबाड व्यापाऱ्यांनी नासवली. स्वस्त प्रोसेसरवरचा आकडा खरवडायचा, वरचा आकडा छापायचा आणि महाग भावाने विकायचा, असा धंदा नव्वदच्या दशकाच्या मध्याला अनेक देशांत चालला. इंटेलने मग गुणकाला कुलूप घातले. कारण दिले ते याच फसवणुकीचे. कुलपामुळे महाग मालाची विक्रीही सुरक्षित राहत होती, हा योगायोग कंपनीला जड गेला नसावा.

या कथेत महाराष्ट्रात जन्मलेला एक माणूस दोन्ही बाजूंना दिसतो. विनोद धाम यांचा जन्म १९५० सालचा, पुण्याचा. फाळणीच्या वेळी त्यांचे कुटुंब रावळपिंडीहून आलेले होते. शिक्षण दिल्लीत झाले. इंटेलमध्ये पेंटियमच्या निर्मितीचे नेतृत्व त्यांनी केले आणि १९९३ साली तो प्रोसेसर बाजारात आला. १९९५ मध्ये इंटेल सोडून ते नेक्सजेन या छोट्या कंपनीत गेले. तिला एएमडीने विकत घेतले आणि तिच्याच रचनेतून १९९७ चा के-६ घडला. के-६ने स्वस्त संगणकांचा बाजार असा काबीज करायला घेतला की इंटेललाही स्वस्तातला प्रोसेसर काढणे भाग पडले. तोच सेलेरॉन. ज्यांनी इंटेलचा मुकुटमणी घडवला, त्यांच्याच पुढच्या कामामुळे इंटेलला हा धाकटा भाऊ जन्माला घालावा लागला.

एप्रिल १९९८ च्या पहिल्या सेलेरॉनमधून दुसऱ्या स्तराची कॅश स्मृती काढूनच टाकली होती. त्याची भरपूर थट्टा झाली. ऑगस्टच्या ३००ए मध्ये ही चूक दुरुस्त झाली, जरा जास्तच दुरुस्त झाली. पेंटियम-२ मध्ये ५१२ केबी कॅश होती, पण ती वेगळ्या चिपमध्ये असल्याने प्रोसेसरच्या निम्म्या वेगाने चाले. ३००ए मध्ये फक्त १२८ केबी, परंतु त्याच सिलिकॉनच्या तुकड्यावर आणि पूर्ण वेगाने. अनेक कामांत धाकटा थोरल्याच्या बरोबरीला येई तो यामुळे.

गुणकाला कुलूप होते, ४.५ चे. बस होती ६६ ची. म्हणून ३००. पण त्याच वर्षी आलेल्या ४४०बीएक्स या चिपसेटमध्ये बस १०० वर चालत असे, आणि साडेचार गुणिले शंभर म्हणजे बरोबर ४५०. अबिट कंपनीच्या बीएच६ मदरबोर्डवर तर पेटी न उघडता, पडद्यावरच्या यादीतून बस निवडता येई. ज्यांच्या बोर्डवर ही सोय नव्हती, त्यांनी प्रोसेसरच्या काठावरील बी२१ क्रमांकाच्या संपर्कपट्टीवर चिकटपट्टी लावली किंवा नेलपॉलिशचा थेंब टाकला. ती पट्टी बोर्डला 'मी ६६ चा आहे' असे सांगत असे. तिचे तोंड बंद झाले की बोर्ड १०० गृहीत धरी.

इथे एक विलक्षण गोष्ट घडे. बस ६६ वरून ८३ वर नेली तर प्रोसेसर ३७५ वर चाले, म्हणजे उडी लहान. तरीही हार्ड डिस्कवरील फाइली खराब होण्याचा धोका याच लहान उडीत जास्त होता. कारण पीसीआय बसची गती मुख्य बसच्या भागाकाराने ठरे. ६६ भागिले दोन म्हणजे ३३, आणि १०० भागिले तीन म्हणजेही ३३. पण ८३ ला दोननेच भागले जाई आणि पीसीआय ४१ च्या वर जाई. प्रोसेसर सुखात, डिस्कचा नियंत्रक मात्र बेजार. अर्धवट धाडसापेक्षा पूर्ण धाडस सुरक्षित ठरल्याची अशी उदाहरणे तंत्रज्ञानाच्या इतिहासात फार नाहीत.

पण मुळात ३०० चा प्रोसेसर ४५० ला टिकतोच का?

कारण आकडा सिलिकॉनच्या जन्मासोबत येत नाही. एकाच चकतीवर शेकडो चिपा घडतात. त्यांची चाचणी होते, आणि कोणती चिप कोणत्या वेगाला खात्रीने चालेल ते पाहून शिक्का मारला जातो. उत्पादन सुधारले की जवळजवळ सगळ्याच चिपा वरच्या वेगाला उतरू लागतात. बाजारात मागणी मात्र स्वस्त मालाची जास्त असते. मग चांगल्या चिपेवरही खालचा आकडा छापला जातो. कपाळावरचा लेख विधात्याचा, असे आपण म्हणतो. इथे तो पुष्कळदा विक्रीविभागाचा होता. कोणत्या देशात बांधणी झालेली चिप जास्त पळते, मलेशियाची की कोस्टारिकाची, यावर हौशी मंडळींत झालेले वाद पाहिले तर पंचांग पाहणाऱ्यांची आठवण होते.

तरी तो आकडा निव्वळ व्यापारी नव्हता, आणि स्थैर्याचा प्रश्न सुरू होतो तो इथेच. कंपनी शिक्का मारते तेव्हा ती एक हमी देते. वाईटात वाईट परिस्थितीत, म्हणजे तापलेल्या खोलीत, कमीजास्त होणाऱ्या विजेवर, धूळ साचलेल्या पंख्याखाली आणि अनेक वर्षे वापरल्यानंतरही, ही चिप चुकीचे उत्तर देणार नाही, अशी ती हमी. त्यासाठी मोकळी जागा राखावी लागते. ओव्हरक्लॉकिंग करणारा फुकटात वेग मिळवत नाही, ही राखीव जागा तो खर्च करतो.

ही जागा ओलांडली की काय होते, हे दाखवून दिले खुद्द इंटेलने. एएमडीशी वेगाची शर्यत शिगेला पोचली असताना, जुलै २००० च्या अखेरीस कंपनीने १.१३ गिगाहर्ट्झचा पेंटियम-३ जाहीर केला. थॉमस पाब्स्ट आणि काइल बेनेट या परीक्षकांना त्यावर विचित्र बिघाड दिसू लागले. रोजचे काम चालत होते, पण लिनक्सचे कर्नल संकलित करायला घेतले की यंत्र अडखळे. २८ ऑगस्टला इंटेलने तो प्रोसेसर परत मागवला. कंपनीने स्वतःच्याच चिपेवर तिला न झेपणारा आकडा लिहिला होता.

यातून हौशी मंडळी एक धडा शिकली. यंत्र सुरू होणे म्हणजे यंत्र स्थिर असणे नव्हे. अस्थिर प्रोसेसर प्रत्येक वेळी बंद पडत नाही, कधी तो शांतपणे चुकीची बेरीज करतो. म्हणून मूळ संख्या शोधणाऱ्या गणितींचे एक साधन त्यांनी उचलले. जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या शोधप्रकल्पातील 'प्राइम९५' हा प्रोग्राम प्रोसेसरला तासन्‌तास आकडेमोड करायला लावतो आणि आलेले उत्तर आधीच माहीत असलेल्या बरोबर उत्तराशी ताडून पाहतो. एका अंकाचा फरक पडला तरी चाचणी थांबते. रात्रभर, शक्य तर पूर्ण दिवसभर ती निर्वेध चालली तरच वेग पक्का, असा दंडक पडला.

आता गोरेगाव. गोंदियाच्या दक्षिणेचे हे तालुक्याचे गाव. ३००ए बाजारात आला तेव्हा ते भंडारा जिल्ह्यात होते. गोंदिया जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी. या भागात जानेवारीची पहाट १० अंशांखाली जाते आणि मे महिन्याची दुपार ४४-४५ अंशांना पोचते. पंख्याचा हीट सिंक प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड कधीच करू शकत नाही. तो फक्त दोहोंतला फरक कमी करतो.

हिशोब साधा आहे. प्रोसेसरची उष्णता ढोबळमानाने वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ३०० चे ४५० करताना वेग दीडपट होतो. स्थैर्यासाठी व्होल्टेज २.० वरून २.२ केले तर वर्गामुळे आणखी १.२१ पट. एकूण उष्णता सुमारे १.८ पट. समजा मूळ वेगाला चिप खोलीपेक्षा ३० अंशांनी गरम राहत होती, तर आता ती ५४ अंशांनी गरम राहील. २२ अंशांच्या खोलीत ७६. ४२ अंशांच्या खोलीत ९६. शिवाय तापलेल्या चिपेतील ट्रान्झिस्टर मंदावतात, म्हणून त्याच वेगासाठी आणखी व्होल्टेज लागते, आणि त्याने आणखी उष्णता. तैवानच्या किंवा कॅलिफोर्नियाच्या वातानुकूलित खोलीत नोंदवलेला आकडा गोरेगावात उतरवून घेता येत नाही तो यामुळे. कंपनीने राखून ठेवलेली जागा तिथल्या मे महिन्याने आधीच वापरलेली असते. विदर्भातला वाळ्याचा कूलर हवा उतरवतो खरा, पण तिच्यात ओलावा भरतो, आणि उघड्या मदरबोर्डला तो मानवत नाही.

जुन्या यंत्राचे तर सगळेच थकलेले असते. थर्मल पेस्ट वाळून चुरा होते. २००० च्या आगेमागे बनलेल्या असंख्य मदरबोर्डांवर सदोष कपॅसिटर होते, ते फुगतात, फुटतात आणि विजेचा प्रवाह डळमळीत करतात. जास्त व्होल्टेज आणि जास्त तापमान यांमुळे चिपेतील सूक्ष्म तारांचे अणू हळूहळू जागा सोडतात. त्यामुळे पहिल्या वर्षी ४५० ला टिकलेला प्रोसेसर पाचव्या वर्षी ४३० लाच अडखळू शकतो.

२००० मध्ये एएमडीच्या अ‍ॅथलॉन आणि ड्युरॉनवरील तुटलेले दुवे शिसपेन्सिलीच्या रेघेने जोडून गुणकाचे कुलूप उघडणारेही निघाले. ग्राफाइट वीज वाहून नेते, हे शाळेतले विज्ञान इतके कामी क्वचितच आले असेल. हे पर्व संपले जानेवारी २०११ मध्ये. इंटेलच्या सँडी ब्रिज पिढीत जवळजवळ सगळी घड्याळे १०० मेगाहर्ट्झच्या एकाच मूळ तालाला बांधली गेली, त्यामुळे बस वाढवण्याची वाट बंद झाली. गुणक मोकळा हवा असेल तर नावापुढे 'के' असलेला प्रोसेसर घ्यायचा. आय५-२५०० ची किंमत होती २०५ डॉलर आणि २५००के ची २१६. कुलपाची किल्ली आता अकरा डॉलरला मिळू लागली.

३००ए अजून जपून ठेवणारे संग्राहक आहेत. त्यांतले जाणते लोक जुनी पेस्ट पुसून नवी लावतात, फुगलेले कपॅसिटर बदलतात, व्होल्टेज ०.०५ च्या पायरीने वाढवतात आणि प्रत्येक पायरीनंतर रात्रभर चाचणी लावतात. जानेवारीत पक्की केलेली मांडणी ते मे महिन्याच्या दुपारी पुन्हा तपासतात, आणि चाचणी थांबलीच तर बस पुन्हा ६६ वर आणून ठेवतात, पाऊस पडेपर्यंत.