फ्रायपॅनमधला उजेड

आज उपलब्ध असलेली कॅमेऱ्यातली सर्वांत जुनी निगेटिव्ह घराच्या आतलीच आहे आणि तिच्यात दिसते फक्त एक खिडकी. ऑगस्ट 1835मध्ये हेन्री फॉक्स टॅल्बटने इंग्लंडमधल्या आपल्या लॅकॉक ॲबी या राहत्या वाड्यातून ती टिपली. आकार जेमतेम पोस्टाच्या तिकिटाएवढा. पण नवी असताना भिंगातून सुमारे दोनशे तावदानं मोजता यायची, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. बाकी खोलीचं काय? तिथे उजेडच नव्हता. पुढे कित्येक वर्षं घरातला फोटो म्हणजे लांबलचक एक्सपोजर, आणि मधेच कुणी हललं की त्याचं भूत.

1887 साली जर्मनीत आडोल्फ मीथे आणि योहानेस गेडिके यांनी मॅग्नेशियमची पूड, पोटॅशियम क्लोरेट आणि अँटिमनी सल्फाइड यांचं मिश्रण केलं. पेटवलं की क्षणभर लख्ख उजेड, मागे पांढरा धूर. ही बातमी न्यूयॉर्कमध्ये जेकब रीसने वाचली. हा मूळचा डेन्मार्कचा, मलबेरी स्ट्रीटवरचा पोलीस-बातमीदार. भाड्याच्या कोंदट इमारतींतल्या बिनखिडकीच्या खोल्यांबद्दल लिहून लिहून तो थकला होता. वाचणाऱ्यांवर ढिम्म परिणाम नाही. आता या उजेडात त्या खोल्यांचे फोटोच काढायचे, असं त्याने ठरवलं.

सुरुवातीला पूड पिस्तुलासारख्या उपकरणातून उडवायची होती. अपरात्री अनोळखी माणसं पिस्तूल घेऊन घरात शिरल्यावर कोण थांबणार? लोक पळत सुटायचे. मग रीसने सरळ फ्रायपॅनमध्ये पूड पेटवायला सुरुवात केली. त्यात दोनदा घराला आग लागली आणि एकदा तो स्वतःच पेटला. एका माळ्यावर पाच अंध माणसांचा फोटो काढताना भिंतीवरचे कागद-चिंध्या पेटल्या. त्याने त्या कशाबशा विझवल्या. बाहेर भेटलेला पोलीस मात्र हसला: त्या भिंतींवर एवढी घाण की आगसुद्धा टिकत नाही!

बेयर्ड स्ट्रीटवरच्या खोलीत पाच सेंटला झोपायची जागा मिळे. तिथल्या फोटोत दाटीवाटीने पडलेली माणसं झोपेतून दचकून उठलेली दिसतात. त्यांना कुणी विचारलं असेल, असं तो फोटो पाहून वाटत नाही. रीसचा हेतू चांगला होता, रीत मात्र धाडीची होती. मला ती खटकते. पण 1890च्या त्याच्या पुस्तकाने शहर हललं हेही खरं. 1901च्या कायद्याने तिथल्या नव्या इमारतींत प्रत्येक खोलीला बाहेर उघडणारी खिडकी सक्तीची केली.

रीसच्या पुस्तकानंतर पूड चाळीसेक वर्षं चालली. 1929च्या सुमारास जर्मनीतच बंद काचेतला फ्लॅशबल्ब विकायला आला आणि फोटोपायी घर पेटायची धास्ती संपली.