शिक्षकांचे सामायिक दफ्तर

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी हे गाव २९ ऑगस्ट २०२३ रोजी तेथे आरंभ झालेल्या मनोज जरांगे पाटील यांच्या मराठा आरक्षणासाठीच्या उपोषणामुळे सर्वतोमुखी झाले; परंतु त्या आंदोलनाच्या ओघात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदींचा शोध आरंभिला, तेव्हा महसुली दफ्तरांबरोबर शाळांची दाखल-खारीज रजिस्टरेही उघडली गेली, आणि ज्या शिक्षकांची नावे आज कोणासही स्मरत नाहीत त्यांच्या हस्ताक्षराला एकाएकी पुराव्याचे मोल आले. विद्यार्थ्याचे नाव, धर्म व जात, जन्मतारीख, पूर्वीची शाळा, शाळा सोडल्याचे कारण, शेरा. एका शिक्षकाची बदली झाली की दुसरा त्याच पानावर पुढची ओळ लिही. अनेकांनी मिळून चालविलेले इतके दीर्घायुषी साधन आमच्या शिक्षणव्यवस्थेत दुसरे नाही.

परस्परांशी विचारविनिमय करण्याचे साधन मात्र मराठवाड्यातील शिक्षकाच्या वाट्याला फार उशिरा आले. इंग्रजी अमलातील मुलखात १८६१ पासून ‘मराठी शालापत्रक’ निघू लागले, पुढे विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ते तेजस्वी केले आणि १८७५ मध्ये ते बंद पडले. त्या काळी मराठवाडा निजामाच्या अमलाखाली होता; निजामी दफ्तराची भाषा फारसी होती, आणि १८८४ नंतर तिची जागा उर्दूने घेतली. १९४८ ची मुक्ती, १९६२ च्या जिल्हा परिषदा, १९८१ चा स्वतंत्र जालना जिल्हा, असे टप्पे ओलांडल्यावर साधारण दहा शाळांमागे एक केंद्र आणि त्या केंद्राची शिक्षण परिषद ही व्यवस्था रुळली. सतरंजीवर बसलेल्या मंडळींसमोर कोणी दहा-दहा काड्यांचे गठ्ठे सोडून हातच्याची वजाबाकी दाखवावी आणि शेजारच्या गावच्या गुरुजींनी ती आपल्या टाचणवहीत उतरून घ्यावी, ही देवघेव मला फार मोलाची वाटते.

२०२० च्या टाळेबंदीत परिषद मोबाइलवर आली. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या अभ्यासमालेचे दुवे व्हॉट्सअ‍ॅपने वाडीवस्तीपर्यंत पोहोचविले, कारण क्षीण नेटवर्कवरही ते चालते. पण ‘माहिती तातडीने सादर करावी’ हे फर्मान आणि एखाद्या शिक्षिकेने कष्टाने लिहिलेला अनुभव एकाच प्रवाहात येतात व दोन्ही वाहून जातात. झूमवर चेहरे दिसतात, तथापि विनामूल्य बैठकीला चाळीस मिनिटांची मर्यादा, आणि एकाने बोलावे व शंभरांनी ऐकावे ही सभेची जुनी खोड तेथेही सुटली नाही. २०१७ मध्ये सुरू झालेल्या दीक्षा मंचावरील साहित्य टिकते, पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडाने तत्काळ उघडतेही. शिक्षक मात्र बहुधा तेथे घेणारा असतो, देणारा क्वचित.

गूगल डॉक्सचीच प्रकृती त्या जुन्या रजिस्टराशी जुळणारी आहे: अनेकांनी एकाच पानावर लिहावे, आणि कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद मागे राहावी. ते स्थिर जोडणी मागते, ही अडचण खरी. पण त्याहून मोठी अडचण मालकीची आहे. रजिस्टर शाळेचे असते, तर असे पान बहुधा एखाद्या शिक्षकाच्या खाजगी खात्यावर उघडलेले असते, आणि त्याची बदली किंवा निवृत्ती झाली की केंद्राच्या कित्येक वर्षांच्या सामायिक श्रमावर कोणाचाच ताबा राहत नाही. खाते केंद्रशाळेच्या नावे असावे आणि पदभार देताना कपाटाच्या किल्ल्यांबरोबर तेही रीतसर हवाली व्हावे, एवढी तजवीज एका साध्या परिपत्रकाने होण्याजोगी आहे.