बेसिक : अर्थ, बंगाली प्रतिशब्द आणि वर्धा योजना

बेसिक : (विशेषण, इंग्रजीत अनेकवचनी नाम म्हणूनही). पायाचा, मूळचा, ज्यावाचून पुढचे काही उभे राहत नाही असा. पाऊल, पायरी, चौथरा अशा अर्थांच्या ग्रीक ‘बासिस’पासून लॅटिनमार्गे इंग्रजीत ‘बेस’ आला आणि त्यावरून हे विशेषण तयार झाले. एकोणिसाव्या शतकात ते आधी रसायनशास्त्रात रुळले, मग व्यवहारात पसरले. मराठी व बंगाली या दोन्ही भाषांत तो तत्सम शब्दासारखाच वापरला जातो. मात्र त्याचा जो भारतीय प्रतिशब्द धोरणात आणि शाळांच्या पाट्यांवर पोचला, तो ‘बुनियादी’ होय. त्यामागे १९३७ साली वर्धा येथे मांडली गेलेली शिक्षणयोजना आहे.

अर्थ व प्रतिशब्द : बंगालीत या शब्दाला एकच प्रतिशब्द नाही, विषयानुसार तो बदलतो.

(१) आधारभूत : ‘मौलिक’. भारतीय संविधानातील मूलभूत हक्क बंगालीत ‘मौलिक अधिकार’ होतात. मूळसंख्या ‘मौलिक संख्या’, तर मूलद्रव्य ‘मौलिक पदार्थ’ म्हटले जाते. अयुब खान यांनी १९५९ साली पाकिस्तानात आणलेली ‘बेसिक डेमोक्रसी’ पूर्व पाकिस्तानात ‘मौलिक गणतंत्र’ या नावाने ओळखली गेली. मराठी वाचकाची येथे फसगत होते. मराठीत ‘मौलिक विचार’ म्हणजे मोलाचा विचार. बंगाली ‘मौलिक’ मात्र मुळाशी जोडलेला आहे, मोलाशी नाही.

(२) सुरुवातीचा : ‘प्राथमिक’. बोलीत ‘गोडार कथा’. ‘गोडा’ म्हणजे झाडाचा बुंधा, आणि त्यावरून आरंभ.

(३) भत्ते वगळून उरणारा पगार : ‘मूल बेतन’, मराठीत ‘मूळ वेतन’. दोन्हीकडच्या कचेऱ्यांत बोलताना मात्र ‘बेसिक’च.

(४) रसायनशास्त्रात आम्लाच्या विरुद्ध गुणाचा : ‘क्षारकीय’, ‘क्षारीय’. मराठी पाठ्यपुस्तकांत ‘आम्लारिधर्मी’.

(५) शिक्षणपद्धतीचे विशेषण : ‘बुनियादि’. फारसी ‘बुनियाद’ (पाया) यावरून. याच फारसी शब्दाचे बंगालीत झिजलेले दुसरे रूप ‘बनेदि’ असे आहे. त्याचा अर्थ खानदानी, जुन्या घराण्याचा. कोलकात्यात दुर्गापूजा पिढ्यान्‌पिढ्या चालवणारे वाडे ‘बनेदि बाडी’ म्हणून ओळखले जातात. एकाच मुळातून एक शब्द खेड्यातल्या शाळेकडे गेला, दुसरा जमीनदाराच्या चौसोपी घराकडे.

‘बेसिकली’ या क्रियाविशेषणाला बंगालीत ‘मूलत’ किंवा ‘आसले’ म्हणतात. मराठी संभाषणात ते बहुधा वाक्य सुरू करण्यापुरतेच उरले आहे.

वर्धा योजना : २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम, उत्पादक हस्तोद्योगाभोवती गुंफलेले विषय, आणि त्या उत्पादनातून शिक्षकाच्या वेतनाचा खर्च हळूहळू निघावा ही अपेक्षा, असे चार ठराव तीत झाले. अभ्यासक्रम आखण्यासाठी डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. विनोबा भावे, काका कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, जे. सी. कुमारप्पा, श्रीकृष्णदास जाजू ही वर्ध्याच्या परिसरात वावरणारी माणसे तीत होती. समितीचा अहवाल डिसेंबर १९३७ मध्ये सादर झाला. फेब्रुवारी १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनात काँग्रेसने योजना स्वीकारली आणि त्याच वर्षी हिंदुस्तानी तालीमी संघ स्थापन झाला. संघाचे केंद्र वर्ध्याजवळच्या सेगावात होते. हेच गाव पुढे सेवाग्राम झाले.

इंग्रजीत योजनेला ‘बेसिक नॅशनल एज्युकेशन’ म्हटले गेले, हिंदुस्तानीत ‘बुनियादी तालीम’ किंवा ‘नई तालीम’. ग्रामोद्योगांद्वारे ग्रामीण राष्ट्रीय शिक्षण हे वर्णन अधिक अचूक, पण कमी आकर्षक ठरले असते, असे खुद्द गांधींनी समितीच्या अहवालाच्या प्रस्तावनेत नोंदवले आहे. ‘बेसिक’चा अर्थ येथे ‘किमान’ असा नव्हता. सात ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाचा पाया हाताच्या कामावर घातला जावा, हा त्याचा आशय होता. पुढे पूर्व बुनियादी आणि उत्तर बुनियादी असे टप्पेही आखले गेले.

बंगालशी संबंध : संघाचे चिटणीस ई. डब्ल्यू. आर्यनायकम हे मूळचे सिलोनचे तमिळ; वर्ध्याला येण्यापूर्वी ते रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनात होते. त्यांच्या पत्नी आशादेवी बंगाली कुटुंबातल्या आणि शांतिनिकेतनातच शिकवणाऱ्या. सेवाग्रामच्या शाळेची घडण या दांपत्याच्या हातून झाली. १९३७ साली बंगालमध्ये काँग्रेसचे मंत्रिमंडळ नव्हते, त्यामुळे योजनेला तेथे सरकारी पाठबळ मिळाले नाही. स्वातंत्र्यानंतर मात्र पश्चिम बंगाल सरकारने बुनियादी शाळा व शिक्षक-प्रशिक्षण संस्था उघडल्या. चोवीस परगण्यातील बाणीपुर हे त्यांतले एक केंद्र. राज्यातील अनेक प्राथमिक शाळांच्या नावात ‘निम्न बुनियादि विद्यालय’ हे शब्द आजही आढळतात, जरी वर्गात टकळी फिरत नसली तरी.

मराठीतील वाटचाल : मराठीने ‘बुनियादी’ पूर्णपणे आपलासा केला नाही. ‘तालीम’ म्हटले की मराठी माणसासमोर कुस्तीचा आखाडा किंवा नाटकाची तालीम येते; बंगालीत ‘तालिम’ म्हणजे शिकवणी, विशेषतः उस्तादाकडची. मराठी शिक्षणव्यवहारात ‘मूलोद्योग शिक्षण’ ही संज्ञा रूढ झाली. ‘मूल’ आणि ‘उद्योग’ जोडणाऱ्या या शब्दाने योजनेचे मर्म इंग्रजीपेक्षा नेमके सांगितले, पण अर्थ एका बाजूला कललाही : शाळेत ‘मूलोद्योग’ म्हणजे सूतकताई किंवा शेतीचा तास एवढेच उरले. कोठारी आयोगाने (१९६४–६६) कामाच्या अनुभवाची शिफारस केल्यानंतर त्या जागी ‘कार्यानुभव’ हा विषय आला आणि ‘मूलोद्योग’ वापरातून गेला. बंगालीतील संज्ञा उद्योगाचे नाव घेत नव्हती. उद्योग सुटल्यावरही ती पाटीवर टिकू शकली.

सद्यःस्थिती : मराठीत आज ‘मूलभूत’, ‘पायाभूत’ आणि ‘बेसिक’ यांनी कामे वाटून घेतली आहेत. हक्क व गरजा मूलभूत, रस्ते-वीज-पाणी पायाभूत, आणि गणितात मागे पडलेल्या मुलाचे कच्चे असते ते ‘बेसिक’. सेवाग्रामला नई तालीम समितीची ‘आनंद निकेतन’ ही मराठी माध्यमाची शाळा २००५ पासून चालू असून तेथे शेती, स्वयंपाक आणि कताई-विणकाम अभ्यासक्रमाचा भाग आहेत.