उत्क्रांती अल्गोरिदम : मर्यादा

निवड, संकर व उत्परिवर्तन यांच्या धर्तीवर उत्तरांच्या समूहात पिढीगणिक सुधारणा करीत जाणाऱ्या संगणकीय पद्धतींना उत्क्रांती अल्गोरिदम म्हणतात. १९६० च्या दशकात बर्लिनमध्ये इंगो रेखेनबेर्ग व हान्स-पाउल श्वेफेल आणि अमेरिकेत जॉन हॉलंड यांनी त्यांचा पाया घातला. फलनाचा विकलज ठाऊक नसला तरी केवळ किमती काढून त्या चालतात. त्यांच्या बहुतेक मर्यादांचे मूळही यातच आहे.

हमी. गुंटर रुडोल्फ यांनी १९९४ मध्ये दाखविले की, आतापर्यंतचे सर्वोत्तम उत्तर जपून न ठेवणारा प्रमाण जनुकीय अल्गोरिदम इष्टतम उत्तरावर स्थिरावत नाही. ते जपल्यास स्थिरावतो. पण किती काळात, याला व्यवहार्य मर्यादा मिळत नाही. उत्तर इष्टतमापासून किती दूर आहे, हेही कळत नाही. फिरत्या विक्रेत्याच्या ८५,९०० स्थळांच्या प्रश्नात मार्ग इष्टतम असल्याची सिद्धता २००६ मध्ये मिळाली, ती रेषीय असमतांवर आधारलेल्या काटेकोर पद्धतीने.

फसवी फलने. दहा अंकांच्या द्विमान मालिकेतील शून्यांची संख्या हीच तिची किंमत, मात्र सर्व एक असलेल्या मालिकेची किंमत ११, असे फलन घ्यावे. एकाच उत्तरावर चालणारा व वाईट बदल नाकारणारा अल्गोरिदम सर्व शून्यांकडे खेचला जातो. प्रत्येक अंक १/१० संभाव्यतेने बदलत असेल, तर तेथून सुटण्यासाठी दहाही अंक एकदम बदलावे लागतात. याची संभाव्यता हजार कोटींत एक.

सार्वत्रिक श्रेष्ठतेचा अभाव. डेव्हिड वोल्पर्ट व विल्यम मॅक्रेडी यांच्या १९९७ च्या प्रमेयानुसार, सर्व शक्य फलनांवर सरासरी काढल्यास तपासलेला बिंदू पुन्हा न तपासणाऱ्या सर्व शोधपद्धती सारख्याच ठरतात. प्रत्यक्षातील प्रश्नांना हे कितपत लागू पडते, याविषयी मतभेद आहेत.

खर्च व मिती. गुळगुळीत बहिर्वक्री फलनांवर विकलज वापरणाऱ्या पद्धती सहसा कमी गणनांत उत्तर देतात. अक्ष फिरविल्यास काही जनुकीय अल्गोरिदमांची कामगिरी खालावते, हे राल्फ सालोमोन यांनी १९९६ मध्ये दाखविले. सहप्रचरण आव्यूह शिकणाऱ्या पद्धतींनी हा दोष बराच कमी केला. पण मिती वाढली की आव्यूहाचा खर्च वर्गाच्या प्रमाणात वाढतो.

अनेक उद्दिष्टे. कानपूरच्या आयआयटीतील कल्याणमय देब व सहकाऱ्यांची २००२ ची क्रमवारीपद्धती दोन-तीन उद्दिष्टांसाठी रूढ आहे. उद्दिष्टे वाढली की जवळपास सर्व उत्तरे परस्परांना अपराजित ठरतात आणि निवडीला आधार उरत नाही. त्यामुळे पुढे संदर्भबिंदूंचा अवलंब करण्यात आला.

निर्बंध. समता-निर्बंध असल्यास ग्राह्य उत्तरे यदृच्छ शोधात क्वचितच सापडतात.